मांजरा तीन राज्यांची, पाणथळ कुणाची?

मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून महाराष्ट्र सोडून जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या वेशीवर परत येते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात तिचा उगम. बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांच्या हद्दी शिवत ती पूर्वेकडं सरकते, निलंगा तालुक्यात औराद शहाजानीच्या परिसरात तेरणेला सोबत घेते आणि कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात शिरते. तिथून तेलंगणा. संगारेड्डी जिल्ह्यात सिंगूर धरण, त्याच्या खाली हैदराबादला पिण्याचं पाणी देणारा मांजरा बंधारा, पुढं मेदक, मग निजामसागर. एवढा वळसा घालून नदी उत्तरेकडं वळते, देगलूर-बिलोलीच्या बाजूला दोन राज्यांची हद्द होऊन वाहते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एकूण लांबी सुमारे ७२४ किलोमीटर.

मांजरा-गोदावरीच्या या सगळ्या वाटेवर पाण्याचा हिशेब चोख आहे. कोणत्या राज्यानं किती टीएमसी वापरायचं, कोणते दरवाजे कधी उघडायचे, कोणत्या धरणाची पातळी किती ठेवायची, यावर करार आहेत, लवादाचा निवाडा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. पण पाणी जिथं पसरतं, उथळ होतं, चिखलात मिसळतं, जिथं मासा अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले पक्षी उतरतात, त्या काठाच्या पट्ट्याची जबाबदारी या कागदांनी कुणावरच टाकलेली नाही. जगात याच प्रश्नावर शेजारी देश पन्नास वर्षांपासून एकत्र बसत आले आहेत. त्यांनी काय मिळवलं आणि कुठं हात टेकले, हे नांदेड-लातूरच्या वाचकानं मुद्दाम समजून घ्यावं, कारण आपल्याकडं देशांची नाही तरी राज्यांची हद्द थेट पाण्यातून जाते.

पाणथळ जागांविषयीचा जगातला मुख्य करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या करारानं पाणथळीची व्याख्या मोकळी ठेवली: दलदल, तळं, नदीकाठ, खाडी, निसर्गाची असो की माणसानं केलेली, बारमाही असो की हंगामी, पाणी गोडं असो की खारं. मराठवाड्यासाठी ही मोकळीक फार मोलाची आहे. काळ्या पाषाणाच्या या पठारावर निसर्गानं दिलेली तळी जवळपास नाहीतच. इथलं उभं पाणी माणसानं अडवलेलं आहे. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजार वर्षांच्या घरातला. मांजरेवरचं निजामसागर १९३१ साली पुरं झालं. त्यानंतर धनेगावचा मांजरा प्रकल्प आला, मानार आला, नांदेडच्या उशाला विष्णुपुरी आली. आणि अडवलेलं पाणी म्हणजे दुय्यम प्रतीची पाणथळ, असं अजिबात नाही. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामुळंच तयार झालं आहे.

धरण बघायला गेलेला माणूस भिंतीवर उभा राहतो. पाणथळ बघायची असेल तर उलट्या टोकाला जावं लागतं, गावकरी ज्याला बॅकवॉटर म्हणतात तिथं. दिवाळीनंतर पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं आणि ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. जानेवारीत तिथं नीट निरखलं तर काठापासून आत पाण्याची खोली जशी वाढते तसे पक्षी बदलत जातात. अगदी कडेच्या ओलसर चिखलावर धोबी आणि छोटे टिलवे पळापळ करत किडे टिपतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या असतो. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक अर्धवट उघडी चोच बुडवून उभा राहतो, मासा चोचीला लागला की ती मिटते. आणखी आत तलवार बदकं शेपटी वर करून, डोकं तळाशी नेऊन लव्हाळ्याचे कंद उकरतात. थापट्या बदक रुंद चपट्या चोचीनं पृष्ठभागावरचं पाणी गाळून खातो. त्याच्याही पलीकडं, जरा खोल पाण्यात, चांदवे बुड्या मारतात. हातभर खोलीच्या आत एवढी सगळी पंगत बसते. धरणाच्या मध्यावर, जिथं पाणी वीस-पंचवीस फूट खोल आहे, तिथं यांतल्या बहुतेकांना काहीच मिळत नाही. म्हणून जलाशय शंभर टक्के भरला याचा अर्थ पाणथळ उत्तम आहे असा होत नाही. पाणी हळूहळू उतरणं आणि उथळ काठ शाबूत असणं, या दोन गोष्टींवर पाणथळीचा जीव असतो.

या पंगतीत येणाऱ्यांपैकी एकाची ओळख नीट करून घेऊ. पट्टकादंब हा राखाडी रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हंसाच्या जातीतला पक्षी. उन्हाळ्यात तो मंगोलियाच्या सरोवरांकाठी, तिबेटच्या पठारावर, चीनमधल्या छिंगहाई सरोवरात, किर्गिझस्तानात अंडी घालतो. हिवाळ्यात भारतात उतरतो: जायकवाडीच्या नाथसागरावर, कर्नाटकात गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर, तेलंगणात संगारेड्डीच्या मांजरा अभयारण्यात. मधे हिमालय. उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावून शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांचा माग काढला तेव्हा एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद झाली. तिथं हवेत प्राणवायू इतका विरळ असतो की गिर्यारोहकाला चार पावलं टाकल्यावर थांबावं लागतं. या पक्ष्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन कमी प्राणवायूतही तो घट्ट धरून ठेवतं, आणि हा पक्षी बहुतेकदा रात्री किंवा पहाटे डोंगर ओलांडतो, कारण तेव्हा हवा थंड आणि दाट असते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब दख्खनमध्ये दुर्बिणीतून वाचले गेले आहेत. उलानबाटरच्या संशोधकानं घातलेला क्रमांक आपल्याकडचा एखादा शिक्षक किंवा बँकेतला नोकरदार वाचतो आणि कळवतो. देशादेशांतलं सहकार्य प्रत्यक्षात सुरू होतं ते इथून.

आणि ते तुटलं तर काय होतं, याची गोष्ट भरतपूरची आहे. सायबेरियन क्रौंच हा पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा मोठा पक्षी पश्चिम सायबेरियातून राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव घना अभयारण्यात हिवाळ्याला यायचा. १९६०च्या दशकात तिथं दोनशेच्या आसपास क्रौंच मोजले गेले होते. पुढं भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, रामसर स्थळ म्हणून नाव लागलं, शिकार बंद झाली. तरी क्रौंच दरवर्षी कमीच येत गेले. कारण हा पक्षी सायबेरियातून भरतपूरला एका दमात येत नाही. वाटेत अफगाणिस्तानात गझनीजवळचं आब-इ-इस्तादा सरोवर हा त्याचा मुक्काम होता. तिथं युद्ध आलं, दुष्काळ आला. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या वाटेवर शिकारही चालू होती. १९९३ साली या पक्ष्यासाठी त्याच्या मार्गावरच्या देशांमध्ये समझोता झाला, पण तोवर उशीर झाला होता. २००२च्या हिवाळ्यात भरतपूरला शेवटची जोडी दिसली. त्यानंतर एकही नाही. भारतानं आपल्या बाजूनं जे करायचं ते बरंचसं केलं होतं. तरीही क्रौंच गेला, कारण मधल्या मुक्कामाला त्याचा कुणी वाली नव्हता.

रामसर कराराच्या पाचव्या कलमात नेमकं हेच सांगितलं आहे: एखादी पाणथळ दोन देशांत पसरलेली असेल किंवा पाण्याची एकच व्यवस्था दोघांत सामायिक असेल, तर दोघांनी परस्परांशी सल्लामसलत करून तिची काळजी घ्यावी. स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत हे आणखी पुढं गेलं आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या पक्षीमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्यावर ३० देश येतात आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती हा मार्ग वापरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद गांधीनगरला भरली होती. त्यानंतरच्या, फेब्रुवारी २०२४ च्या समरकंद परिषदेत या उड्डाणमार्गासाठी देशांचा संयुक्त उपक्रम मंजूर झाला आणि त्याचं समन्वय केंद्र भारतात ठेवायचं ठरलं. म्हणजे कझाकस्तान, मंगोलिया, नेपाळ यांना पाणथळीच्या प्रश्नावर एकत्र आणण्याची जबाबदारी आज भारतानं स्वतःकडं घेतली आहे. सुंदरबनसाठी भारत आणि बांगलादेश यांनी ६ सप्टेंबर २०११ रोजी वेगळा करार केलेलाच आहे.

पण शेजाऱ्यांनी एक पाणथळ एकत्र कशी सांभाळावी याचा सगळ्यांत शिकण्यासारखा धडा युरोपातला आहे. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्यावर सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा वाडन समुद्राचा पट्टा आहे. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. वर्षाला एक कोटीच्या आसपास पक्षी इथं थांबतात. दुसऱ्या महायुद्धात हे तीन देश कोणत्या अवस्थेतून गेले ते सर्वांना ठाऊक आहे; जर्मनीनं उरलेल्या दोघांवर कब्जा केला होता. १९७८ साली तिघं पहिल्यांदा या चिखलासाठी परिषदेला बसले, १९८२ साली संयुक्त जाहीरनामा काढला आणि १९८७ साली जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन या शहरात तिघांचं मिळून एक कार्यालय उघडलं. १९८८ साली विषाणूच्या साथीनं हजारो सील मेले, तेव्हा सीलसाठी वेगळा करार केला. मला त्यांच्या कामातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: तिन्ही देश एकाच पद्धतीनं, ठरवून एकाच वेळी पक्षी मोजतात आणि आकडे एकाच वहीत लिहितात. आकडे सामायिक झाले की भांडण्यासारखं फार उरत नाही. कुठं कमी झालं, का कमी झालं, एवढंच बोलायचं राहतं. २००९ साली डच आणि जर्मन भाग जागतिक वारसा यादीत गेला, २०१४ साली डेन्मार्कचा भागही त्याला जोडला गेला.

आता आपल्या हद्दीवर येऊ. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. १४ दरवाजे, साठा २.७४ टीएमसी. तेलंगणातलं पोचंपाडचं धरण, म्हणजे श्रीरामसागर, इथून नदीच्या वाटेनं सुमारे ८० किलोमीटर खाली. पण त्याचं बॅकवॉटर नांदेड जिल्ह्यात येतं आणि बाभळीचा बंधारा त्या बॅकवॉटरमध्येच उभा आहे. म्हणजे हे एकच पाणी आहे. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचना झाली आणि शेजारचा तालुका शेजारचं राज्य झाला. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पोचंपाडची पायाभरणी झाली. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानं पैठणच्या खाली पोचंपाडपर्यंत महाराष्ट्राला नव्यानं ६० टीएमसी वापरता येईल असं ठरलं आणि १९८० साली बच्छावत लवादानं ते आपल्या निवाड्यात घेतलं. बाभळीचं काम सुरू झाल्यावर तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बाभळीकडं निघाले तेव्हा त्यांना धर्माबादला अटक झाली. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या एसटी बंद पडल्या की सीमेवरच्या माणसांच्या लग्नकार्याचीही पंचाईत व्हायची, कारण इकडची लेक तिकडं दिलेली असते.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. २९ ऑक्टोबरला बंद करायचे. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती: एक प्रतिनिधी केंद्रीय जल आयोगाचा, एकेक दोन्ही राज्यांचा. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखांना अधिकारी जमतात, दरवाजे वर-खाली होतात, पंचनाम्यासारखी नोंद होते.

या तारखांकडं पक्षी बघणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी अडवायला सुरुवात होते त्याच सुमाराला, उत्तरेकडची बदकं दख्खनमध्ये उतरायला लागतात. मार्चमध्ये, पाणी सोडलं जातं तेव्हा, त्यांची परतीची वेळ झालेली असते. म्हणजे हिवाळाभर बंधाऱ्यात पाणी आणि हिवाळाभर पाहुणे. न्यायालयासमोर पक्ष्यांचा विषय कधी नव्हता. ही वेळापत्रकं आपोआप जुळली आहेत. पण जुळलेली आहेत, हे खरं. पाण्याच्या वाटणीसाठी जी समिती, जी तारीख, जी मोजपट्टी तयार आहे, तिलाच पाणथळीच्या देखभालीची जोड देता येते, नवीन काही उभारावं लागत नाही. समितीच्या बैठकीला दोन्ही राज्यांच्या वनखात्याचा एकेक माणूस बोलावला, पातळीबरोबर काठाची स्थिती आणि पक्ष्यांची गणनाही नोंदली, तर न्यायालयाच्या निकालातल्या एका शब्दालाही धक्का लागत नाही.

यात अडचण आहे ती आपल्या कायद्याची. २०१७च्या पाणथळ संवर्धन नियमांनी आपल्या व्याख्येतून नदीची पात्रं वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे वगळले आणि सिंचनासाठी खास बांधलेल्या रचनाही वगळल्या. नांदेड-लातूरचा नकाशा समोर घ्या आणि यांतलं एकेक खोडत जा. विष्णुपुरी सिंचनाची. धनेगाव सिंचनाचं आणि पिण्याचं. मांजरेवरचे साई, नागझरी, खुलगापूरचे बॅरेज नदीपात्रात. बाभळी नदीपात्रात. रामसर करारानं ज्यांना मोठ्या मनानं पाणथळ म्हटलं त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना आपल्या नियमांनी बाहेर ठेवलं. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर हा नियम बदलला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. केरळच्या किंवा काश्मीरच्या सरोवरांना तो पुरेसा असेल, पण जिथं पाणीच माणसानं अडवलेलं आहे तिथं तो निरुपयोगी आहे.

नियम नसला की काठावर काय होतं? पाणी उतरलं की गाळाची जमीन गाळपेरासाठी दिली जाते. हरभरा, टरबूज, ज्वारी फार चांगली येते, खत लागत नाही, आणि ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना त्यात पहिला हक्क असावा हे न्यायाचंच आहे. पण पाणी जसं मागं सरतं तसा नांगर त्याच्या पाठोपाठ अगदी ओल्या रेघेपर्यंत जातो, मोटारी त्याच्याही पुढं, आणि फवारणीचं औषध पहिल्या अवकाळी सरीबरोबर थेट माशांच्या पिलांत. काठापासून वीस-तीस पावलांची पट्टी मोकळी सोडली तर गाळपेराचं फार नुकसान होत नाही. भोई समाजाच्या मच्छीमार संस्थांचा फायदाच होतो, कारण मासळीची पिलं त्याच उथळ गवतात वाढतात. गाळ काढण्याचंही तसंच. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेनं शेतांना चांगली माती दिली. मात्र जेसीबी उथळ काठाचा उतार खोदून सरळ भिंत करून टाकतो तेव्हा पाणी वाढतं आणि पाणथळ संपते. पोचंपाडची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती. गाळानं ती १९९४ च्या पाहणीपर्यंत नव्वदीवर आली होती. त्या गाळात मराठवाड्याच्या शेतांची माती मोठ्या प्रमाणात आहे. आपल्याकडचे उथळ गवताळ काठ टिकले तर ती इथंच अडते, आणि तेलंगणाच्या अभियंत्याला आपल्या पाणथळीत स्वतःचा फायदा दिसायला हरकत नाही. नांदेडचं सांडपाणी गोदावरीत जातं, तेच पुढं बाभळीला थांबतं आणि बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलेले आपलेच भाविक त्या घाटावर आंघोळ करतात. शेजारी म्हणून बोलायला हा विषय पुरेसा आहे.

दुष्काळ तर हद्द मानतच नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर ती बातमी झाली. त्याच उन्हाळ्यात मांजरेच्या खालच्या अंगाला सिंगूर कोरडं पडलं होतं आणि संगारेड्डीच्या मांजरा अभयारण्यातल्या मगरी डबक्यांत अडकल्या होत्या. ते अभयारण्य १९७८ सालचं, सुमारे २० चौरस किलोमीटरचं, खास मगरींसाठी नावाजलेलं. लातूरचा माणूस आणि संगारेड्डीची मगर एकाच नदीच्या आटण्यानं हैराण झाली, पण या दोन बातम्या कुणी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. पुराचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावच्या परिसरात रात्रीतून पाणी शिरलं आणि माणसं गेली. नदीकाठची दलदल, पसरट पात्रं, जुने गावतलाव हे पुराच्या पाण्याला पसरायला जागा देतात. ती बुजवल्यावर पाणी घरात येतं.

आणि रोग. मे २००५ मध्ये छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूनं सहा हजारांहून जास्त रानपक्षी मेले, त्यांत सगळ्यांत जास्त पट्टकादंब होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हा रोग नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत सापडला, भारतातली ती पहिली नोंद. जानेवारी २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लूचं निदान केलं. यावरून रानपक्ष्यांना दोष देऊन तळ्यावर फटाके फोडायचे नाहीत. कोंबड्यांची वाहतूक आणि खुराड्यांची अस्वच्छता हा रोग तितकाच पसरवतात. सांगायचं आहे ते एवढंच की छिंगहाईत काय चाललं आहे हे उदगीरच्या पशुवैद्यकाला महिनाभर आधी कळणं, आणि उदगीरला काय सापडलं हे सीमेपलीकडं बीदरला त्याच दिवशी कळणं, यात लहान कुक्कुटपालकाचं आख्खं वर्ष वाचू शकतं.

२०१६ साली महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी मेडीगड्डा, तुम्मिडीहेट्टी, चनाखा-कोरटा या प्रकल्पांबद्दल करार केले, आंतरराज्य मंडळ स्थापलं. ज्या दोन राज्यांनी धरणाच्या उंचीचा मीटर न्‌ मीटर ठरवला ती पाणथळीबद्दल बोलू शकत नाहीत, असं मानायला मी तयार नाही. मांजरेसाठी कर्नाटकालाही सोबत घ्यावं लागेल. वाडन समुद्राच्या तीन देशांना पहिल्या परिषदेपासून सामायिक कार्यालयापर्यंत नऊ वर्षं लागली. आपल्याला एवढी लागायचं कारण नाही. देगलूर-उदगीरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा रोज चालतात.

सुरुवात सरकारनंच करावी असंही नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. एक दुर्बीण, एक वही, पक्ष्यांचं एखादं चित्रमय पुस्तक आणि सकाळचे दोन तास, एवढंच लागतं. धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर आणि निलंगा इथल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना माझी विनंती आहे: येत्या जानेवारीतला एक रविवार ठरवा, त्याआधी पलीकडच्या बासरला, बोधनला, भालकीला एकेका शाळेत फोन करा, आणि दोन्ही काठांवर एकाच सकाळी मोजा. आकडे एकाच कागदावर लिहा आणि त्याची एकेक प्रत बाभळीच्या समितीला आणि तिन्ही राज्यांच्या वनखात्यांना पाठवा.